कोपऱ्यातली तारीख

वहिनींनी कॉम्प्युटर बिघडवला नव्हता. हे वाक्य दोन वर्षांहून जास्त काळ मी मनात म्हणत आलो आणि तोंडाने उलटंच बोलत राहिलो. बिघाड माझ्या हातचा होता. तो मी चारचौघांत वहिनींच्या नावावर टाकला, खरं कळल्यावरही तिथेच राहू दिला, आणि एका फोनने सगळं सावरता आलं असतं तेव्हा रोह्याला कंपनीत भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो. हे सगळं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लिहिताना मला सोईस्कर वळण घ्यायला जागा राहणार नाही.

पेणला आमचा गणपतीचा कारखाना आहे. घराच्या मागच्या अंगणात उभी केलेली पत्र्याची लांब शेड, एवढाच. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तो चालवतो. मी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. शिफ्टच्या आधी नाहीतर नंतर जमेल तसा कारखान्यात हात लावतो. साचा भरायला माणसं आहेत, घासायला माणसं आहेत, अंगाचा रंगही कोणी कोणी देतं. डोळे मात्र वहिनीच देतात. आमच्याकडे त्याला आखणी म्हणतात. करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवायची, श्वास धरायचा आणि पापणीची रेघ एका दमात ओढायची. ती रेघ परत पुसता येत नाही. वीस वर्षं वहिनी हे करतायत. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, तुमच्याकडच्या मूर्तीची नजर वेगळीच. दादा हसून मान डोलवतो. पाटीवर नाव त्याचं आहे, आणि नजर कोणाची हे कोणी विचारत नाही.

शेडच्या दाराशी एक काळी पाटी टांगलेली असते. गणपतीला किती दिवस उरले तो आकडा त्या पाटीवर रोज सकाळी खडूने लिहायचा. हे कामही वहिनींचंच. आमच्याकडे वर्षभर कोणी तारीख विचारत नाही, 'आज किती?' असं विचारतात. 'एकशे दहा' असं उत्तर आलं की कुठला माल कुठल्या टप्प्यावर पाहिजे ते सगळ्यांना कळतं. कारखान्यातलं कॅलेंडर तेच.

कंपनीने जुने कॉम्प्युटर मोडीत काढले तेव्हा मी एक घरी आणला. मूर्तीच्या मागे चिठ्ठी लावतात, गिऱ्हाइकाचं नाव, मूर्तीची उंची, न्यायचा दिवस. त्या चिठ्ठ्या छापून लावू, असं माझ्या डोक्यात आलं. मराठी टायपिंगचं एक सॉफ्टवेअर तीस दिवस वापरायला फुकट मिळत होतं. ते टाकलं आणि वहिनींना शिकवलं. आठ दिवसांत त्या माझ्यापेक्षा चांगल्या चिठ्ठ्या काढायला लागल्या. महिना भरत आला तेव्हा मी एक युक्ती केली. कंपनीतल्या एकाने सांगितलेली. कॉम्प्युटरची तारीख मागे नेली. त्या सॉफ्टवेअरला मुदत उलटली का एवढंच बघता यायचं. सारखी कटकट नको म्हणून मी तारीख एकदम चार वर्षं मागे टाकली आणि ती आपोआप सुधारू नये म्हणून तोही खटका बंद केला. दादाला सांगितलं, आता हे कायमचं झालं. त्याने पाठ थोपटली. वहिनींना यातलं काही सांगितलं नाही. सांगायचं राहून गेलं असं म्हणणं बरोबर नाही. ती माझी हुशारी होती आणि हुशारी कशी केली ते सांगितलं की तिची मजा जाते.

पुढे केव्हातरी वहिनी म्हणाल्या होत्या, "भावजी, खाली कोपऱ्यात तारीख दिसते ना, ती चुकीची हाय. वार पण जुळत नाय."

"तिकडे बघू नका तुम्ही. ते तसंच असतं," मी म्हणालो.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि नंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मीही विसरलो. कॉम्प्युटरला नेट नव्हतं, चिठ्ठ्यांपलीकडे त्याचं काही काम नव्हतं, आणि पाटीवरचा आकडा रोज बरोबर असायचा.

त्या वर्षी उन्हाळ्यात एका सरकारी प्रशिक्षणासाठी मूर्तिकाम आणि आखणी शिकवणारे कारागीर निवडायचे होते. ती जाहिरात वहिनींनीच कुठेतरी वाचली. चार दिवस कोणाला काही बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाल्या, "मी भरू का अर्ज?"

दादा जेवता जेवता थांबला. "तू शिकवणार?"

"का? हात हाय ना मला."

"हाय गो. हात हाय म्हणून तर विचारतोय, गेलीस तर इथं डोळे कोण देणार?"

हसले सगळे. पण वहिनी अर्ज भरणार हे त्या हसण्यातच ठरून गेलं. त्यांनी फोटोवाल्याकडून आपण आखलेल्या सहा मूर्तींचे फोटो काढून घेतले, लागतील त्या मापात, पेनड्राइव्हमध्ये. अर्जाचा पहिलाच रकाना 'कारागिराचे नाव' असा होता. एका कोऱ्या चिठ्ठीवर त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहून बघितलेलं मला टेबलावर सापडलं. तीनदा लिहिलं होतं. घरात त्यांना कोणी त्या नावाने हाक मारत नाही. मी चिठ्ठी होती तशी ठेवून दिली.

अर्ज मोबाईलवर उघडेना. पुढे जायचं बटणच दिसत नव्हतं. सूचनेत लिहिलेलं होतं की अर्ज कॉम्प्युटरवर, नवीन ब्राउझरमध्येच भरावा. वहिनींनी मला आधी दोनदा सांगितलं, पण माझ्या शिफ्ट लागलेल्या होत्या, आणि मी आज-उद्या करत शेवटच्या दिवसावर आणलं. संध्याकाळी पाचला मुदत संपत होती. पाटीवर आकडा होता एकशे अठरा.

सकाळी नऊला मी बसलो. मला दुपारची गाडी धरायची होती, दुसरी शिफ्ट तीनला लागते. मोबाईलचं नेट वायरने कॉम्प्युटरला दिलं. वहिनींनी पेनड्राइव्ह लावून फोटो कॉम्प्युटरमध्ये घेतले. आत जो जुना ब्राउझर होता त्याने आधी 'ही साइट सुरक्षित नाही' म्हणून सांगितलं, मी तरी पुढे गेलो तर अर्धं पान उघडलं आणि त्यावर आलं, आपला ब्राउझर जुना आहे. ठीक आहे, नवीन टाकू, पाच मिनिटांचं काम. ब्राउझरची फाइल मोबाईलवर घेतली, कॉम्प्युटरमध्ये टाकली, चालू केली. एक हिरवी पट्टी सरकायला लागली. अर्ध्यावर येऊन थांबली. मग स्क्रीनवर सूचनेची पाटी आली, इंटरनेटशी संपर्क होऊ शकला नाही.

नेट तर चालू होतं. मी परत केलं, परत तिथेच. फायरवॉल बंद केली. अँटिव्हायरस काढून टाकला. जागा कमी पडत असेल म्हणून दादाने साठवलेले आरत्यांचे व्हिडिओ पुसले. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, पंख्यासमोर बसून घाम पुसला, दुसऱ्या कंपनीचा ब्राउझर आणून बघितला. पट्टी अर्ध्यावर यायची आणि तीच ती पाटी.

खाडीकडच्या गावातून घासकामाला येणारी मावशी समोरच बसलेली होती. पॉलिश पेपर थांबवून म्हणाली, "भाऊ, माझी माती वाळली, तुझी पट्टी अजून तिथंच हाय."

"तुम्ही तुमचं काम करा ना मावशी."

"करतेय की. माझं होतंय, तुझंच होत नाय."

शेडमधली सहा-सात माणसं खुसखुसली. कंपनीत मी मशीनवरचा माणूस, घरातही मशीनचं काही असलं की मलाच बोलावतात. तो मी सगळ्यांच्या समोर एका पट्टीपुढे हरत होतो. वहिनी मागे उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "भावजी, ते कोपऱ्यात..."

"वहिनी, मधे बोलू नका."

त्या थोड्या वेळाने म्हणाल्या, "मग मी पेनड्राइव्ह घेऊन नाक्यावरच्या सेवा केंद्रात जाऊन येऊ का? ते भरून देतात."

हे सांगताना अजून मला लाज वाटते. त्यांनी सरळ वाट दाखवली होती. साडेबारा वाजले होते, साडेचार तास हातात होते. मी म्हणालो, "घरात मी असताना तिकडे रांगेत कशाला? होतंय आता."

एक वाजला तरी झालं नाही. गाडीची वेळ झाली. मला उठायचं होतं आणि उठताना काहीतरी सांगणं भाग होतं. मग मी ते म्हणालो.

"व्हायरस आलाय. हा पेनड्राइव्ह लावलात ना, त्याच्यातून. फोटोवाल्याच्या मशीनला शंभर पेनड्राइव्ह लागतात. मला विचारल्याशिवाय लावायचाच नव्हता."

माझ्याच डोळ्यांदेखत लावला होता, हे मलाही माहीत होतं. दादा रंगाचा डबा ढवळत होता, तो तिकडूनच म्हणाला, "काय गो तू पण. त्याला विचारायचं ना आधी."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला काय माहीत त्यातलं."

मी पेनड्राइव्ह काढला आणि खिशात टाकला. "हा आता कुठे लावू नका, आतले फोटोही कॉम्प्युटरमधून काढू नका, दुसऱ्यांचीही मशिनं बिघडतील. कंपनीत आमच्या कॉम्प्युटरवाल्याला दाखवतो." आणि निघालो.

गाडी कासूला क्रॉसिंगसाठी थांबली. उन्हाने डबा तापलेला, बाहेर उघडी शेतं, प्लॅटफॉर्मवर एक माणूस कापडाची टोपी तोंडावर ओढून झोपलेला. वहिनींचा फोन आला.

"भावजी, पेनड्राइव्ह ठेवलात कुठे?"

"माझ्याकडे आहे."

"तुमच्याकडे हाय?" त्या म्हणाल्या. "मी निघाले होते नाक्यावर. म्हटलं, त्यांना विचारून तरी बघू."

"सांगितलं ना, तो लावायचा नाही कुठे."

"फोटोवाल्याला फोन केला. तो लग्नाच्या ऑर्डरला गेलाय अलिबागला."

"मग आता काय करणार. पुढच्या वेळी भरू."

"बरं," त्या म्हणाल्या.

समोरून एक गाडी धडधडत गेली आणि आमची हलली. मला तेव्हाही वाटत होतं की माझं बरोबर आहे. निदान बऱ्यापैकी बरोबर आहे. पेनड्राइव्हला काहीतरी झालेलंच असणार.

कंपनीत मोबाईल आत न्यायचा नसतो. गेटवर छोटे कप्पे आहेत, त्यात ठेवायचा आणि बिल्ला घ्यायचा. पेनड्राइव्हही तिथेच ठेवावा लागला. शिफ्ट हातात घेऊन कंट्रोल रूममध्ये आलो तेव्हा आमचा कॉम्प्युटरवाला एका मशीनपुढे बसलेला होता. ते दुरुस्तीहून परत आलेलं, रिपोर्ट काढायचं मशीन. त्यावर तो ब्राउझर टाकत होता. मी सहज मागे उभा राहिलो. पट्टी सरकली, अर्ध्यावर थांबली, आणि पाटी आली. अक्षरन् अक्षर तीच.

मी म्हणालो, "व्हायरस असेल."

"व्हायरस कसला?" त्याने मान न वळवता कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे बघ, तारीख. आतला सेल गेलाय, तारीख मागे पडलीये." त्याने तारीख बदलली, फाइल परत चालू केली. पट्टी सरळ शेवटपर्यंत गेली. तो माझ्याकडे वळला. "समोरून जो दाखला येतो त्यावर यंदाची तारीख असते. तुझं मशीन म्हणतं, अजून ते साल उजाडलंच नाही, मग हा दाखला खोटा. आत घेणार कसं? पहिलं कधीपण घड्याळ बघायचं."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजायला वीस मिनिटं कमी होती.

इथे मला सावकाश लिहायला हवं, कारण इथपर्यंतची चूक अडाणीपणाची होती. तो माणूस बोलत असतानाच मला सगळं आठवलं. तारीख कोणी मागे नेली, कशासाठी नेली, खटका कोणी बंद केला. वहिनींनी वार जुळत नाही म्हणून सांगितलेलं आठवलं. आज सकाळी 'ते कोपऱ्यात' म्हणून त्या काय सांगायला निघाल्या होत्या ते कळलं. फोटो कॉम्प्युटरमध्ये होते. मोबाईलची वायर टेबलावर होती, दादाचा मोबाईल होता. वहिनींना तारीख बदलायला दोन मिनिटं लागली असती, ब्राउझरला दहा, अर्जाला अर्धा तास. फक्त कोणीतरी फोन करायला हवा होता.

गेटवर जायला शिफ्ट इन्चार्जची परवानगी लागते. तो बरा माणूस. आधी मी एकदा घरी फोन करून बाजारात जिताडा मासा मिळाला का ते विचारायला म्हणून गेटवर गेलो होतो, तेव्हा हसून म्हणाला होता, मिळाला तर मलाही डबा आण. मी त्याच्या टेबलापर्यंत गेलो. वाक्य तयार होतं. मग पुढचं वाक्य डोक्यात आलं, जे मला फोनवर बोलावं लागणार होतं. वहिनी, व्हायरस नव्हता. तारीख मी मागे नेलेली. फोन उचलणार त्या, पण शेडमध्ये मावशी असणार, दादा असणार, सगळी असणार.

इन्चार्जने वर बघितलं. "काय रे?"

"काय नाय," मी म्हणालो. "पंपाचं रीडिंग द्यायचं होतं."

चहा आला. मी चहा घेतला. आता गेटपर्यंत जाऊन येईपर्यंत उशीर होईल, असं मी चार वाजता स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. साडेचारला परत सांगितलं, तेव्हा ते जवळजवळ खरं झालं होतं. पाच वाजता मी तासाचं रीडिंग वहीत लिहिलं. सगळे आकडे बरोबर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये कोणी यायच्या आधी मी कॉम्प्युटर उघडला आणि तारीख बरोबर केली. ब्राउझर पाच मिनिटांत बसला. टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडलं तर मुदत संपल्याची सूचना देऊन बंद झालं. दादा आला, म्हणाला, "झालं का चालू?"

"झालं. व्हायरस काढला. पण त्या चिठ्ठ्यांच्या सॉफ्टवेअरची त्याने वाट लावलीये."

एकदा खोटं बोललो होतो, आता त्यावर दुसरं चढलं. दादा कौतुकाने म्हणाला, "बघा, केलं की नाय त्याने." वहिनी पाटीवर एकशे सतरा लिहीत होत्या. खडू ठेवून, हात झटकून म्हणाल्या, "माझ्याच हातून काहीतरी झालं असणार. बरं झालं तुम्ही सुधारलंत." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

मावशीने मला नंतर सांगितलं की वहिनी त्या दिवशी तरीही सेवा केंद्रात गेल्या होत्या. मी कासूहून फोन ठेवल्यावर, भर उन्हात. मोबाईलवर दोन फोटो होते ते दाखवले. तिथला मुलगा म्हणाला, ताई, असे नाय चालत, ते मापातले पाहिजेत. "आली ना परत, तर पाणी पण न पिता ब्रश घेऊन बसली," मावशी म्हणाली. "मना त्यातला काय कलत नाय भाऊ, पण बाय लय आशेवर होती."

त्यानंतर वहिनींनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. चिठ्ठ्या परत हाताने लिहायला लागल्या. त्यांचं अक्षर सुरेख आहे, त्यामुळे कोणाची तक्रार नव्हती. मी म्हणालो, दुसरं सॉफ्टवेअर टाकून देतो. "नको भावजी. परत बिघडलं म्हणजे?" घरात हळूहळू तो विनोदच झाला. कोणी टीव्हीचा रिमोट वहिनींच्या हातात दिला की दादा म्हणायचा, जरा जपून, व्हायरस येईल. त्याही हसायच्या. पुढे पुढे कोणी म्हणायच्या आधी स्वतःच म्हणायच्या. दर वेळी मी बोलणार होतो. एकदा तर दोघेच होतो, मी साचा धरला होता आणि त्या माती दाबत होत्या. "वहिनी, त्या कॉम्प्युटरचं," मी सुरू केलं. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या हो, किती दिवस मनात ठेवणार? मी नाय ठेवलं." मी केलेल्या चुकीबद्दल त्या मलाच धीर देत होत्या, मी त्यांच्यावर रागावून अजून कुढतोय असं समजून. मी साचा उघडला आणि मूर्ती फळीवर ठेवली.

मध्ये दोन गणपती गेले.

यंदा पाटीवर त्रेचाळीस असताना रोह्याहून एक बाई आल्या. तिथे त्या बायकांचा एक गट चालवतात, कच्च्या मूर्ती नेऊन रंगवून विकतात. वहिनी तेव्हा एका मोठ्या मूर्तीच्या उजव्या डोळ्यावर होत्या. बाई शेजारी उभ्या राहून बघत राहिल्या. रेघ पूर्ण झाली, वहिनींनी श्वास सोडला, तेव्हा त्यांनीही सोडला.

"ताई, आमच्या बायकांना हे शिकवाल? रोह्याला या आठ दिवस. आम्ही वरून मंजूर करून घेऊ, तुमच्या नावाने. फक्त तुमची माहिती तेवढी कॉम्प्युटरवर भरून पाठवायची."

वहिनींचा चेहरा क्षणभर उजळला, तो मी बघितला. मग त्या हसल्या आणि ब्रश पाण्यात बुडवत म्हणाल्या, "कॉम्प्युटर नको गो बाय. माझा हात लागला की मशीन बिघडतं. विचार ह्यांना."

शेडमध्ये सगळे हसले. दादा म्हणाला, "खरं हाय. आमच्याकडे एक आजारी पडला तिच्यामुळे." बाईही हसल्या, आणि माझ्याकडे बघितलं, कारण वहिनींनी 'विचार ह्यांना' म्हणताना माझ्याकडे हात केला होता. आत्ताच जी रेघ बघून सगळ्यांचा श्वास थांबला होता ती त्याच हाताने ओढलेली होती.

मी चिठ्ठ्यांना खळ लावत बसलो होतो. उठलो. पुढचं मी ठरवून केलं असं नाही, पण एवढं कळत होतं की जिथे बोललो होतो तिथेच आणि तेवढ्याच माणसांपुढे बोलायला हवं.

"खरं नाय ते," मी म्हणालो. "वहिनींनी काही बिघडवलं नव्हतं. व्हायरस नव्हताच. चिठ्ठ्यांचं सॉफ्टवेअर फुकट चालावं म्हणून मी कॉम्प्युटरची तारीख चार वर्षं मागे नेली होती. त्याच्यामुळे ब्राउझर बसत नव्हता. दुसऱ्या दिवशी मी तारीख सुधारली, बाकी काही केलं नाय."

कोणी हसलं नाही. वहिनी हातातला ब्रश धरून माझ्याकडे बघत होत्या.

"मी तेच सांगत होते ना तुम्हाला त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यातलं."

"व्हय."

"मग तुम्हाला कळलं कधी? दुसऱ्या दिवशी?"

इथे थांबता आलं असतं. 'दुसऱ्या दिवशी' म्हटलं असतं तर सगळ्यांनी माझ्या खरेपणाचं कौतुक करून विषय संपवला असता. दादा तर तोंड उघडतच होता.

"नाय," मी म्हणालो. "त्याच दिवशी. कंपनीत. चारला वीस मिनिटं कमी होती."

वहिनींनी हिशेब केला असणार, कारण त्यांचा हात खाली आला. मावशी हळूच म्हणाली, "अरे देवा."

"पाचपर्यंत वेळ होता," वहिनी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "फोन का नाय केलात?"

"करता येत होता. गेटवर जाऊन करता येत होता. सगळ्यांसमोर माझी चूक निघाली असती म्हणून नाय केला. तुमचा अर्ज राहिला तो माझ्यामुळे राहिला, आणि नंतर एवढे दिवस तुम्ही स्वतःलाच बोल लावत होतात ते मी बाजूला बसून ऐकत होतो." अजून एक राहिलं होतं आणि ते मी त्यांच्याकडे बघूनच म्हणालो. "चुकलो मी, वहिनी. त्या दिवशीही आणि त्यानंतर रोज. मला माफ करा."